डब्यावरच्या चिठ्ठीत काय लिहावं

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी वाचली. नेरूळच्या तुमच्या सोसायटीत दर शनिवारी एका देशाचा घरगुती डबा द्यायचा आणि कोणता जिन्नस मूळचा कुठला याची चिठ्ठी सोबत ठेवायची, हा बेत मला पसंत आहे. पदार्थांत फारसं बदलू नकोस. चिठ्ठ्या मात्र पुन्हा लिहाव्या लागतील.

सेनेगलच्या माफेखाली, म्हणजे तिथल्या दाण्याच्या रश्श्याखाली, तू ‘शेंगदाणा : आफ्रिका’ असं लिहिलं आहेस. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर तो पश्चिम आफ्रिकेत पोचला. पण नुसतं नाव खोडून दुसरं लिहू नकोस. तिकडे आधीपासून बांबारा नावाची एक शेंग पिकायची, तीही जमिनीखालीच लागते. अशी शेंग उकडायची, कुटायची कशी हे त्या घरांना ठाऊक होतं, त्यामुळे नवा दाणा परका वाटायचं कारणच नव्हतं. हे चिठ्ठीत यायला हवं. आपली उपवासाची दाण्याची आमटी आठव, म्हणजे माफे निम्मं समजलंच. त्यात कांदा, टोमॅटो आणि मटण येतं इतकंच. कूट मात्र चालणार नाही. दाणे खरपूस भाजून तेल सुटेपर्यंत वाट आणि तर्री वर येईपर्यंत मंद आचेवर राहू दे. तेवढा धीर नसेल तर सरळ आमटी कर, तीही काही वाईट नाही.

मेक्सिकोवर मात्र मी अडून बसणार आहे. मक्याचं तयार पीठ आणून टॉर्टिया, म्हणजे तिकडच्या पातळ भाकऱ्या, थापायच्या, असं तू लिहिलंस. त्या थापल्या जाणार नाहीत, कडांना चिरतील. मका मेक्सिकोचाच, सुमारे ९,००० वर्षांपूर्वी तिथे एका रानगवतापासून लोकांनी तो घडवला. पण टॉर्टियासाठी तो तिथे कोरडा दळत नाहीत. चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर मुरवतात, सकाळी चोळून सालं काढतात आणि ओलाच वाटतात. चुन्यामुळे पीठ एकजीव होतं. शिवाय मक्यात अडकून असलेलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं, आणि ते फार महत्त्वाचं आहे. युरोपने मका नेला, चुना नेला नाही. स्पेनच्या उत्तर भागात आणि पुढे उत्तर इटलीत पोलेंटावर, म्हणजे मक्याच्या घट्ट लापशीवर, जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा होऊ लागला: कातडी सोलवटते, जुलाब लागतात, शेवटी डोकं फिरतं. १७३५ साली गास्पार कासाल या स्पॅनिश डॉक्टरने त्याची नोंद केली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात तेच झालं. हा संसर्ग नाही, आहाराचा दोष आहे, हे तिथे जोसेफ गोल्डबर्गरने दाखवलं. नायसिनची कमतरता नेमकी १९३७ मध्ये कळली. हजारो वर्षं मका खाणारं मेक्सिको बहुतांशी यातून सुटलं होतं. म्हणून तुझ्या चिठ्ठीवर ‘मका : मेक्सिको’ एवढंच असेल तर ती अर्धवट आहे. जिन्नस कुठून निघाला, कोणी नेला आणि त्याच्याबरोबर त्याची कृती गेली की मागेच राहिली, हे लिही.

करून बघ. तुर्भ्याच्या दाणा बाजारात सुका पांढरा मका विचार. स्वीट कॉर्नचा इथे काही उपयोग नाही. किलोला १० ग्रॅमच्या आसपास चुना पुरतो. पानवाल्याकडचा ओला असतो, म्हणून थोडा जास्त घे. खायचाच चुना, रंगाचा नव्हे! भांडं स्टीलचं, ॲल्युमिनियमला चुना खातो.

भारताच्या शनिवारी तू साबुदाण्याची खिचडी ठेवलीस आणि खाली ‘सर्व जिन्नस देशी’ असं ठोकून दिलंस. मिरची मेक्सिकोकडची, बटाटा अँडीज पर्वतातला, दाण्याचं तर वर आलंच. साबुदाण्याची कथा आणखी तिरकी. पूर्वी तो मलायाकडून यायचा, सॅगो नावाच्या ताडाच्या खोडातल्या सत्त्वाचा. दुसऱ्या महायुद्धात ती आयात थांबली आणि १९४३ च्या सुमारास तमिळनाडूतल्या सेलमला टॅपिओकाच्या कंदापासून तो बनू लागला. टॅपिओकाही दक्षिण अमेरिकेचाच. तुझ्या आजीला हे सांगशील तेव्हा जरा बेताने सांग, आणि एकादशीच्या दिवशी तर नकोच.

सोम ताम या कच्च्या पपईच्या कोशिंबिरीचंही तसंच आहे. कच्ची पपई, मिरची, टोमॅटो, दाणे सगळं अमेरिकेहून आलेलं. थायलंड-लाओसचं आहे ते खलात ठेचणं, मासळीचा खारट अर्क आणि ताडगूळ. त्यात सुकी कोळंबीही घालतात. बाटलीबंद परदेशी मालासाठी मॉल पालथे घालू नकोस, आपले सोडे उत्तम चालतात. जिन्नस त्या पदार्थात काम काय करतो ते ओळखलं की बदली जिन्नस इथेच सापडतो. फक्त बदललंस तर तसं चिठ्ठीत लिही. ‘ऑथेंटिक’ हा शब्द सगळीकडून काढून टाक. मला तो पोकळ वाटतो. शाकाहारी घरांचे डबे वेगळ्या खलात कर आणि झाकणावर तसं स्पष्ट लिही.

सुरुवात सेनेगलने कर, चार-पाच घरांपुरती. दाण्याची ॲलर्जी कोणाला आहे का, हे ऑर्डर घेतानाच विचार. एफएसएसएआयच्या, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याच्या, नोंदणीचं काय झालं ते कळव. त्याआधी पैसे घेऊ नकोस. सोडे मी चेंदणी कोळीवाड्यातून आणून ठेवते. दुपारच्या ठाणे लोकलने ये, आणि येताना तुझा खलबत्ता घेऊन ये, माझा फार लहान आहे.

तुझ्या,
बाई