पावसाळ्यात तडकणारे आयसी

प्रश्न : अंधेरीच्या एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. कंट्रोल बोर्ड बनवून जर्मनीला पाठवतो. उन्हाळ्यातला माल बिनतक्रार जातो. जुलै-ऑगस्टमधल्या मालात मात्र आयसीला (चिपला) तडे दिसतात, पॅडजवळ, म्हणजे पार्ट जोडायच्या जागेजवळ, सोल्डरचे बारीक गोळे राहतात. सप्लायर बदलून पाहिला, फरक नाही. काय करावं?

उत्तर : दोष बहुधा ओलाव्याचा आहे. आयसीचं प्लास्टिक हवेतलं बाष्प शोषतं. रीफ्लोमध्ये, म्हणजे सोल्डर वितळवणाऱ्या भट्टीत, बोर्ड २४० अंशांच्या आसपास तापला की त्या ओलाव्याची एकदम वाफ होते आणि आयसी आतून फाटतो. युरोपच्या रोह्स नियमामुळे (इलेक्ट्रॉनिक मालातल्या घातक द्रव्यांवरची मर्यादा) शिसं ०.१ टक्क्याच्या आत ठेवावं लागतं. शिशाचं सोल्डर १८३ अंशांना वितळायचं, बिनशिशाचं २१७ च्या पुढे. भट्टी तेवढी जास्त तापवावी लागते, म्हणून ओलावा इथे अधिक नडतो.

आयसीच्या पाकिटावर ‘एमएसएल ३’ (ओलाव्याला किती नाजूक याची पातळी) छापलं असेल तर फोडल्यापासून रीफ्लोपर्यंत १६८ तास मिळतात, पण ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेपर्यंतच. मुंबईच्या जुलैत आर्द्रता सहज ८० च्या वर जाते. एसी किंवा डीह्युमिडिफायर नसेल तर त्या १६८ तासांवर विसंबू नका. बोर्डाला दोन्ही बाजूंनी पार्ट असतील तर दोन रीफ्लोंमधला वेळही त्यातच धरायचा. हे हमखास विसरलं जातं.

पाकीट फोडताच आतलं आर्द्रता कार्ड (ओलाव्याने रंग बदलतं ते) बघा आणि वेळ रीलवर, म्हणजे पार्टची पट्टी गुंडाळलेल्या चकतीवर, लिहा. उरलेले पार्ट ५ टक्क्यांखालच्या आर्द्रतेच्या ड्राय कॅबिनेटमध्ये (कोरड्या कपाटात) ठेवा. वेळ उलटली असेल तर ओलावा घालवायला पार्ट १२५ अंशांवर बेक करा. तास पॅकेजच्या जाडीप्रमाणे. रील मात्र तशी भट्टीत घालू नका, प्लास्टिक वाकतं. रीलसकट करायचं तर ४० अंशांवर, कोरड्या हवेत, कित्येक दिवस लागतात. वारंवार बेक केल्याने पाय ऑक्सिडाइज होतात. १२५ अंशांवर एकूण ९६ तासांच्या पुढे जाऊ नका.

सोल्डरच्या गोळ्यांसाठी सोल्डर पेस्ट तपासा. फ्रिजमधून काढलेला डबा झाकण न उघडता चारेक तास बाहेर राहू द्या. थंड डबा उघडला की पेस्टवर दव धरतं, आणि तेच भट्टीत उडतं.

प्रश्न : न्हावा शेवाहून बोर्ड बोटीने पाठवतो. गुलाबी अँटिस्टॅटिक पिशव्या पुरतील का?

उत्तर : नाही. त्या बाष्प अडवत नाहीत. चंदेरी मॉइश्चर बॅरियर पिशवी घ्या, आत सिलिका जेल व आर्द्रता कार्ड टाका, हवा काढून हीट-सील करा.