घरच्या भेंडी-टोमॅटोचं बी धरता येतं का? मागच्या वर्षी ठेवलेलं एकही उगवलं नाही.

नक्की धरता येतं. तुम्ही लिहिलंय की हंगाम संपताना उरलेल्या भेंड्या तोडल्या, बी काढून मे महिन्यात गच्चीवर आठ दिवस वाळवलं आणि जूनमध्ये पेरलं. माझ्या मते दोन गोष्टी चुकल्या. भेंडी कच्ची तोडली, आणि बी स्लॅबवर भाजलं. आमच्या परभणी भागात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, स्लॅब त्याहून कितीतरी तापतो. ओलं बी तिथं टाकलं की आतला कोंबच मरतो. बी सावलीत, वारा खेळेल अशा जागी सुपात पसरून वाळवा. आठवड्याच्या जागी पंधरा दिवस लागले तरी चालतील.

पण खरी गोष्ट त्याच्याही आधीची आहे. उरलंसुरलं फळ बियाला ठेवायचं नसतं. माझी आई पहिले दोन-तीन तोडे झाले की परसातलं सगळ्यात जोमदार झाड हेरायची आणि त्याच्या दोन भेंड्यांना लाल दोरा बांधायची. दोऱ्याची भेंडी कुणी तोडायची नाही, पाहुणा दारात आला तरी. भाजीची भेंडी फूल उमलल्यापासून पाच-सहा दिवसांत तोडतो, बियाची महिनाभराहून जास्त झाडावरच राहते. आधी निबर होते, मग तपकिरी पडते आणि शेवटी धारांवर तडकते. त्या चिरेतून करडे-काळपट दाणे दिसले की तोडायची. दाणा पांढरट असेल किंवा नखाने दबत असेल तर तो उगवणार नाही. बियाला सोडलेलं झाड नवीन भेंड्या कमी धरतं, तेवढं सोसायचं.

आजूबाजूच्या झाडांवर केवडा पडून पानं पिवळी झाली असतील आणि एखादंच हिरवं राहिलं असेल, तर दोरा त्याच झाडाला बांधा. हा रोग पांढरी माशी पसरवते, तो बियातून जात नाही, पण तग धरणाऱ्या झाडाचं बी धरलेलं केव्हाही बरं.

पाकीट 'हायब्रीड' असेल तर मात्र त्याच्या बियातून पुढच्या वर्षी सारखी झाडं येत नाहीत. कुणी उंच, कुणी खुजं, फळंही वेगवेगळी. म्हणून सुरुवात सरळ वाणापासून करा. भेंडीत आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठाचाच 'परभणी क्रांती' हा सरळ वाण आहे, त्याचं बी वर्षानुवर्षं धरता येतं. मात्र शेजारी दुसऱ्या जातीची भेंडी असेल तर मधमाश्या परागांची सरमिसळ करतात. सकाळी उमलणाऱ्या कळीवर आदल्या संध्याकाळीच मलमलची छोटी पिशवी बांधा. भेंडी आपल्याच परागावर धरते, त्यामुळे काळजी नाही.

टोमॅटोचं सोपं आहे. पूर्ण पिकलेल्या फळाचा गर बियांसकट पेल्यात काढा, थोडं पाणी घाला आणि दोन दिवस राहू द्या. वर पांढरट फेस येतो, बियांभोवतीचा बुळबुळीत थर सुटतो आणि चांगलं बी तळाशी बसतं. धुऊन ताटलीत वाळवा. कागदावर नको, चिकटून बसतं.

वेलांचं मन लावून करा. दोडका वेलावरच वाळू दिला की हलवल्यावर आत बी खुळखुळतं, खालच्या टोकाचं झाकण गळून पडतं आणि काळं बी आपोआप हातात येतं. मला अजूनही ते बघायला फार आवडतं. भोपळ्याचं बी आमच्याकडे शेणात थापून भिंतीला लावायचे, पेरणीच्या वेळी गोवरी फोडून काढायचे. दुधीच्या बाबतीत एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. जवळपास कडू दुधीचा रानवेल असेल तर त्याचा पराग येऊन तुमच्या बियातून पुढच्या वर्षी कडू फळ येऊ शकतं, आणि कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावल्याच्या घटना आपल्याकडे घडल्या आहेत. घरच्या बियाचा दुधी चिरताना आधी एक फोड जिभेला लावून बघायची. कडू लागली तर थुंकून टाका आणि तो वेलच उपटा.

साठवताना बी पूर्ण वाळलेलं हवं. दाताखाली कट्कन तुटलं तर ठीक, चेपलं तर अजून वाळवा. चुलीची चाळलेली राख मिसळून काचेच्या बरणीत घट्ट झाकण लावून ठेवा, चिठ्ठीवर वाण आणि महिना लिहा. चवळी-वालात भुंगा फार होतो. त्याची अंडी शेतातच शेंगांवर पडलेली असतात, म्हणून राख भरपूर घाला. कांद्याचं बी मात्र वर्षभराच्या आतच वापरा.

तुमच्याकडचं जुनं बी लगेच टाकू नका. वीस दाणे रात्रभर पाण्यात भिजवा, ओल्या सुती फडक्यात गुंडाळून घरात उबेला ठेवा आणि फडकं ओलं राहील असं बघा. आठवड्यात बारा-चौदा दाण्यांना कोंब आले तर मृगाच्या पावसावर बिनधास्त पेरा. चार-पाचच आले तर एका जागी तीन-तीन दाणे टोकून उरलेली रोपं विरळून घ्या.