केमो सुरू आहे, नोकरी सोडू का?

"फुप्फुसाचा कॅन्सर चौथ्या टप्प्यावर आहे. कामावर जाऊ की नको?" समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. घरच्यांचं मत ठरलेलं असतं: आता फक्त आराम. रुग्णाचंही ठरलेलं असतं, पण तो बोलत नाही.

पन्नाशीतले एक गृहस्थ, हिशेब खात्याचे प्रमुख. दर 21 दिवसांनी केमो आणि इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध). दुसऱ्याच दिवशी ते ऑफिसात हजर. चौथ्या दिवशी जिन्यात धाप, आकड्यांत चुका, घरी चिडचिड. पत्नी म्हणाल्या, "तुम्हीच सांगा ह्यांना, जिवापेक्षा नोकरी मोठी का?"

मी त्यांना विचारलं, "चार दिवस नाही गेलात तर?"

"लोक म्हणतील, याचं संपलं."

"लोक?"

ते गप्प झाले. पत्नी काहीतरी बोलणार होत्या, मी हातानेच थांबवलं. अशा वेळी गप्प राहणं ही मी वर्षानुवर्षं कमावलेली गोष्ट आहे. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "लोक नाही हो. मीच म्हणेन."

इथून खरं काम सुरू झालं. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा विवेकनिष्ठ विचार मानते. काम करायला मिळावं ही इच्छा निरोगी आहे. ती मी कुणाची काढून घेत नाही. पण 'पूर्वीइतकंच जमलं पाहिजे, नाहीतर मी संपलो' हा हट्ट, आजारातून उरलेली ताकदही खातो. त्यांनी काम नव्हे, हा हट्ट सोडायचा होता.

मग मी त्यांना रोज एक ओळ लिहायला सांगितलं: केमोचा कितवा दिवस, अंगात दहापैकी किती बळ. दोन-तीन फेऱ्यांत चित्र स्पष्ट झालं. केमोच्या आगेमागे मिळणाऱ्या स्टेरॉइडमुळे सुरुवातीला तरतरी यायची, तीच ते आपली ताकद समजत होते. ती ओसरली की गळून जायचे. म्हणून तिसरा ते सहावा दिवस रजा. पुढच्या आठवड्यात संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी असायच्या, तेव्हा गर्दी टाळून घरून काम. तिसऱ्या आठवड्यात ऑफिस, आणि डोक्याची कामं तेव्हाच. साहेबांशी ते स्वतः बोलले. आजाराचा सगळा इतिहास सांगितला नाही. कोणत्या दिवसांत काय जमेल, एवढंच सांगितलं. तेवढं पुरतं.

प्रत्येकाचा आलेख वेगळा असतो. टार्गेटेड थेरपीची (कॅन्सरपेशींतल्या ठरावीक बदलावर नेम धरणारी) गोळी रोज घेणाऱ्यांना असे चढउतार कमी, पण जुलाब, पुरळ, थकवा रेंगाळू शकतो. धूळ, धूर, उंचीवरचं काम असेल तर आधी कॅन्सरतज्ज्ञांना विचारा. केमो चालू असताना ताप 38 अंश सेल्सिअसवर (100.4 फॅरेनहाइट) गेला, तर मीटिंग संपायची वाट न पाहता रुग्णालयात फोन करा. धाप अचानक वाढली तरीही तेच. तिला थकवा म्हणून सोडून देऊ नका. आणि कामावर जावंसंच वाटत नसेल, तर तेही मोकळेपणानं म्हणा. त्यात हार नाही.

एक मात्र मी आग्रहानं सांगते: स्कॅन झालाय आणि रिपोर्ट यायचाय, त्या दिवसांत राजीनामा लिहू नका.