पेटंटमधला ‘दावा’ आणि न्यायालयातला ‘दावा’

‘आपल्या पेटंटमधील दाव्यांचा भंग झाल्याचा दावा करणारा दावा कंपनीने दाखल केला,’ असे वाक्य जैवचिपांच्या (काचेवर डीएनएचे तुकडे दाटीने मांडलेल्या चिपांच्या) पेटंटविषयीच्या एका अनुवादात आले आहे, ते चालेल का, अशी विचारणा आहे. व्याकरणाने चालेल, अर्थाने मात्र वाचक अडखळेल. दिवाणी न्यायालयात लावतात तो दावा, ठासून केलेले विधान तोही दावा, आणि पेटंटच्या विनिर्देशाच्या, म्हणजे शोधाच्या तपशीलवार वर्णनाच्या, अखेरीस क्रमांक घालून नेमके कशावर हक्क सांगितला आहे ते मांडणारे वाक्य, तोही दावाच. (‘दावा साधणे’ यातले वैर आणखी निराळे.)

या विषयात तिसरा अर्थ धूसर ठेवून भागत नाही. अफिमेट्रिक्स या अमेरिकी कंपनीची रीत अशी की, काचेवर वाढणाऱ्या डीएनए-साखळ्यांची टोके प्रकाशाने सुटणाऱ्या रासायनिक टोपणाने झाकायची, मुखवट्याच्या छिद्रांतून ठरावीक जागीच प्रकाश पाडायचा, टोपण निघाले तेथे पुढचे एक अक्षर, म्हणजे डीएनएच्या चार घटकांपैकी एक, जोडायचे आणि हेच पुन्हा पुन्हा करायचे. 25 अक्षरांच्या साखळीला अशा 100 पर्यंत फेऱ्या लागतात. सिन्टेनी ही कंपनी मात्र आधीच तयार केलेले डीएनए बारीक पिनांनी काचेवर ठिपक्याठिपक्याने ठेवत असे. 1998 मध्ये अफिमेट्रिक्सने सिन्टेनी आणि तिला विकत घेतलेली इन्साइट यांना न्यायालयात खेचले. अशा वादात हक्क प्रकाशाच्या रीतीपुरता मांडलेला असेल, तर पिनांनी काम करणारा त्याच्या बाहेर राहतो. पण हक्क काचेवरील दाट मांडणीवरच सांगितलेला असेल, तर ती कशी घडवली हा प्रश्न गौण ठरतो. म्हणजे सारी लढाई त्या क्रमांकित वाक्यातील शब्दांची असते, आणि त्याच वाक्याला आपण तीन अर्थांचे नाव देतो, हे मला खटकते.

न्यायालयातल्या अर्थी ‘खटला’ लिहावे, असे कोणी सुचवील. वृत्तपत्रे तसे सर्रास लिहितात. तरी खटला फौजदारी आणि दावा दिवाणी हा भेद कोर्टाच्या भाषेत अजून जिवंत आहे, आणि पेटंटचा वाद दिवाणी असतो. म्हणून ‘दावा’ न्यायालयासाठीच राखावा, विधानाला ‘म्हणणे’ म्हणावे आणि पेटंटमधील वाक्याला ‘हक्ककलम’. हा शेवटचा शब्द मी सुचवतो आहे, कारण क्रमांकित मजकुराला कलम म्हणण्याची सवय आपल्याला आहेच; पहिल्या वापराच्या वेळी त्याचा अर्थ एका ओळीत सांगावा. मग वाक्य असे होईल: ‘आपल्या पेटंटमधील हक्ककलमांचा भंग झाला आहे, असे म्हणणे मांडून कंपनीने दावा दाखल केला.’