सराफ्यात जायचं तर सातला जेवू नका

या वेळी प्रवासाच्या पत्रांमध्ये इंदूरची तीन पत्रं निघाली. संपादकांनी ती हसत हसत माझ्याकडे सरकवली, कारण माझं माहेर इंदूरचं, रामबागेतलं. तेव्हा निःपक्षपाती उत्तरांची अपेक्षा ठेवू नका.

प्रश्न : डिसेंबरच्या २६ तारखेला निघून २९ ला परत यायचं, असा आमचा बेत आहे. मी, हे, नववीतला मुलगा आणि शहात्तर वर्षांच्या सासूबाई, नाशिकहून आमच्याच गाडीने. यादी अशी : राजवाडा, लालबाग, काचमंदिर, बडा गणपती, खजराना, छप्पन दुकान, सराफा, मांडू, महेश्वर, ओंकारेश्वर, उज्जैन. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्या कांदा-लसूण खात नाहीत. २६ लाच आमच्या लग्नाला वीस वर्षं होतात, त्यामुळे एक जेवण चांगल्या ठिकाणी करायचं आहे. थंडी किती असते? एवढं सगळं जमेल का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही जमणार. अकरा ठिकाणं आणि मधे रात्री तीन. या यादीने गेलात तर इंदूर गाडीच्या काचेतूनच दिसेल आणि सासूबाई तिसऱ्या दिवशी हॉटेलच्या खोलीतून बाहेर पडायला नकार देतील.

आधी माझी एक फजिती सांगते. बारा-तेरा वर्षांपूर्वी नणंदेचं कुटुंब इंदूर बघायला आलं होतं. मी माहेरवाशीण, त्यामुळे सूत्रं माझ्याकडे. दिवसभर सगळ्यांना फिरवलं, सातला एका हॉटेलात भरपेट जेवू घातलं आणि आठला ऐटीत सराफ्यात, म्हणजे दिवसा सोनारांच्या आणि रात्री खाऊच्या गल्लीत, नेलं. सोन्याचांदीची दुकानं अजून उघडी, एकही कढई तापलेली नाही. नणंद म्हणाली, "वहिनी, इथे खायचं काय, बांगड्या?" तासाभराने कढया तापल्या, पण पोटात जागा कुणाच्या होती? भावजींनी मानाने अर्धी जिलबी खाल्ली. मला इंदूरची म्हणवून घ्यायची लाज वाटली.

तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगते : इंदुरात दिवस उलटा करा. दुपारी झोपा. संध्याकाळचं जेवण विसरून जा. हे गाव नऊनंतर खातं. जुन्या लोकांच्या तोंडी एक म्हण होती, सुबह-ए-बनारस, शाम-ए-अवध, शब-ए-मालवा. सकाळ काशीची, संध्याकाळ लखनौची आणि रात्र आमच्या माळव्याची. उन्हाळ्यात रात्री गार पडणाऱ्या पठारासाठी ती म्हण असावी, पण डिसेंबरात, तोंडातून वाफ निघताना, गरम कढईसमोर उभं राहिलं की ती जास्त पटते.

आता तुमची गाडी. नाशिक, मालेगाव, धुळे, शिरपूर, सेंधवा असा जुना आग्रा रोड धरून तुम्ही जाणार. खलघाटला नर्मदा ओलांडली की पुढे धामनोद लागतं आणि तिथून महेश्वर जेमतेम बारा-तेरा किलोमीटर आत आहे. लोक आधी इंदूर गाठतात आणि दुसऱ्या दिवशी नव्वद किलोमीटर उलटे येऊन महेश्वर बघतात. तुम्ही तसं करू नका. सकाळी साडेपाच-सहाला निघा, दुपारी महेश्वरला पोहोचा आणि पहिली रात्र तिथेच काढा.

लग्नाचा वाढदिवसही तिथेच साजरा करा. नाताळच्या आठवड्यात शहरातल्या मोठ्या हॉटेलांत गर्दी, गाणीबजावणी, टेबलासाठी ताटकळणं आणि बुफेतला तोच तो पनीर. त्यापेक्षा ऊन उतरलं की घाटावरून नाव करा. नदीच्या मधोमध बाणेश्वराचं छोटं देऊळ आहे, तिथवर नेऊन आणतात. परत येताना किल्ल्याच्या भिंतीवर शेवटचं ऊन असतं. वीस वर्षांत जे बोलायचं राहिलं असेल ते त्या नावेत बोला, मुलगा फोनमध्येच असेल. किल्ल्यातून घाटावर उतरायला पायऱ्या बऱ्याच आहेत. सासूबाईंना तेवढं उतरवू नका. वर अहिल्याबाईंच्या वाड्यात बसवा. एवढ्या मोठ्या राज्याचा कारभार करणारी बाई किती साध्या जागेत राहिली, हे तिथे दिसतं. किल्ल्यातच हातमाग चालतात. १९७० च्या दशकाअखेरीस होळकर घराण्याने विणकरांसाठी रेहवा सोसायटी सुरू केली, तिथे साडी विणताना बघता येते. साडी घेणार असाल तर बुगडी काठाची घ्या, ती दोन्ही बाजूंनी नेसता येते. माझी एक तशी साडी गेली सतरा वर्षं चालू आहे.

२७ ला सकाळी नर्मदा बघून निघा, मानपूर-महू करत दुपारपर्यंत इंदुरात या. हलकं काहीतरी खा आणि झोपा. मुलगा कुरकुर करेल, त्यालाही झोपवा. चारच्या सुमाराला लालबाग, होळकरांचा महाल. १८८६ साली काम सुरू झालं आणि १९२१ ला संपलं, म्हणजे तीन पिढ्यांचा तगादा. फाटक लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकाची नक्कल आहे, इंग्लंडमध्ये ओतवून जहाजाने आणलेलं. आम्हाला शाळेतून नेत तेव्हा मला फाटकापेक्षा मुदपाकखान्याची गोष्ट आवडे : स्वयंपाकघर नदीच्या पलीकडच्या काठावर आणि ताटं भुयारातून महालात येत. गरम राहत असतील का, असा प्रश्न मी गुरुजींना विचारला होता. त्यांनी मला मागे उभं केलं. इथे अधूनमधून डागडुजी चालते, त्यामुळे आत सोडतात का ते हॉटेलात आदल्या दिवशी विचारून घ्या. सोमवारी लालबाग आणि राजवाडा, दोन्ही बंद असतात.

आता सराफा. राजवाड्याच्या मागेच तो आहे. स्वतःची गाडी नेऊ नका, रिक्षाने राजवाड्यापर्यंत जा. सासूबाई आहेत म्हणून साडेनऊची वेळ धरा. अकरानंतर खांद्याला खांदा लागतो. खुर्च्यांची अपेक्षा नको. बंद झालेल्या सराफी दुकानांच्या ओट्यावर त्यांना बसवायचं आणि पळत पळत द्रोण आणून द्यायचे. माझी आजी शेवटपर्यंत अशीच ओट्यावर बसून खायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कपड्यांवर शेरे मारायची.

नियम एकच : एका पदार्थाचा एकच द्रोण, चौघांत. दुसरा मागवलात की पुढचे चार पदार्थ गेले.

सुरुवात गराडूने. गराडू म्हणजे आपल्या कोनफळाचं भावंड, जाडजूड कंद. तो थंडीतच मिळतो, म्हणून तुमचे दिवस बरोबर आहेत. फोडी एकदा तळून ढीग लावून ठेवतात आणि तुम्ही मागितल्यावर दुसऱ्यांदा तळतात. बाहेरून कुरकुरीत, आत पिठूळ. वर लिंबू आणि जीरावन. जीरावन हा इंदूरचा कोरडा मसाला : जिरं, धणे, बडीशेप, लवंग, हिंग, आमचूर, काळं मीठ असं बरंच काही. पोह्यांवर, भज्यांवर, पेरूवर, माझ्या धाकट्या भावाच्या बाबतीत तर वरणभातावरही. घरी न्यायला पुड्या मिळतात, दोन घ्या, एक रस्त्यातच संपेल.

मग भुट्टे का कीस. मक्याची कणसं किसून तुपात परतून दुधात शिजवतात, गोडसर-तिखट, सासूबाईंच्या दातांना अगदी बेताचं. कांदा-लसणाची काळजी इथे फार करू नका. सराफ्यात मांसाहार नाहीच आणि जैन गिऱ्हाईक इतकं आहे की "जैन बनाना भिया" म्हटलं की पुढे काही समजवावं लागत नाही. 'भिया' लक्षात ठेवा. भय्याचा तो इंदुरी अवतार आहे आणि वडिलांच्या वयाच्या माणसालाही चालतो. जोशींचा दहीवडा मुलाला दाखवा. दह्याने भरलेला द्रोण हवेत उडवून झेलतात, एक थेंब सांडत नाही आणि मग चिमटीतून वेगवेगळे मसाले टाकतात. वडा चांगला आहेच, पण पैसे त्या उडवण्याचे. साबुदाण्याची खिचडीही चाखा. आपल्यासारखी तुपात परतलेली नसते, वाफेवर मोकळी केलेली, वर फराळी शेव. सासूबाईंचा उपवास असेल तर मसाल्यात काय आहे ते आधी विचारा, आणि त्यांना ती खिचडी वाटणारच नाही, हेही धरून चाला.

गोडात जलेबा, म्हणजे ताटभर एकच जिलबी. चौघांत एक, तीही कदाचित उरेल. शिकंजी नावाला भुलू नका, इंदूरची शिकंजी लिंबाची नसते. आटवलेल्या दुधाची, केशर-सुक्यामेव्याची आणि थंडगार असते. डिसेंबरच्या रात्री मी ती पीत नाही, कढईतलं गरम दूध घेते. पेटवून तोंडात घालायचं पान मुलाला हवं असेल तर द्या. माझं मत विचारलं तर फोटोपुरतं ते.

२८ ला पोहे सकाळीच, आठच्या आत. इंदुरी पोहे फोडणीत परतून शिजवत नाहीत, वाफेवर ठेवतात, त्यामुळे तेल कमी आणि मऊपणा जास्त. बडीशेप दाताखाली येते. वर शेव, जीरावन, बाजूला जिलबी. कच्चा कांदा वरून घालतात, तो नको म्हणता येतो. उसळ-पोहे मिळाले तर तेही घ्या, ती आम्हा मराठी लोकांची तिथली खूण. थंडीत बटल्याची कचोरी मिळते. बटला म्हणजे मटार. बाहेर कुठे हा शब्द वापरला की लोक हसतात, पण मला अजून मटार म्हणवत नाही.

पोहे खाऊन राजवाडा. सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. १९८४ च्या दंगलीत तो जळाला तेव्हा मी अकरावीत होते. त्यानंतर बरेच महिने वडील तिथून सायकल नेताना उतरून चालत, का ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आता डागडुजी होऊन उभा आहे. तिथून जवळच कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, म्हणजे होळकरांची स्मारकं, आणि इतवारिया बाजारातलं काचमंदिर. सर सेठ हुकुमचंदांनी बांधलेलं हे जैन मंदिर, भिंती, खांब, छत, सगळं काचेचं. बडा गणपती पंचवीस फुटी आहे, दर्शन दहा मिनिटांत होतं. खजरानाचं गणपती मंदिर सोडा.

त्या दुपारी दाल-बाफले. बाफला म्हणजे आधी उकडून मग भाजलेली आणि तुपात बुडवलेली बाटी. त्यानंतर कुणी उभं राहू शकत नाही, म्हणून झोपायची सोय जवळ असू द्या. रात्री भूक लागलीच तर छप्पन दुकानातली खोपरा पॅटिस. नावाप्रमाणे छप्पन दुकानांची ओळ आहे, बसायला जागा आहे आणि सासूबाईंना सराफ्यापेक्षा हेच बरं वाटेल.

मांडू पावसाळ्यात जा, ओंकारेश्वर पुढल्या खेपेला. उज्जैनचा प्रश्न अवघड. अंतर पंचावन्न किलोमीटरच, पण वर्षअखेरीला महाकालाच्या रांगा बघून माझ्या भावानेही जाणं सोडलं. पण शहात्तराव्या वर्षी सासूबाईंना महाकाल हवा असेल, तर माझ्या गराडूपेक्षा त्यांची इच्छा मोठी. मग २८ चा पूर्ण दिवस तिकडे द्या आणि राजवाडा २७ ला बाहेरून बघा. नाहीतर सगळा बेतच जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात ढकला. गराडू तेव्हाही असतो, शाळेला दोन दिवस दांडी पडेल इतकंच.

थंडी : पहाटे दहा अंशांच्या आसपास, कधी त्याहून कमी. दुपारी स्वेटर हातात घेऊन फिराल. रात्री सराफ्यात जाताना सासूबाईंना कानटोपी घालाच.

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त, ठाण्याहून रेल्वेने इंदूरला जायचं आहे. कोणती गाडी आणि कुठे उतरावं? — एक दांपत्य, ठाणे

उत्तर : अवंतिका एक्स्प्रेस. संध्याकाळी मुंबई सेंट्रलहून सुटते आणि सकाळी इंदुरात. तुम्ही बोरिवलीला चढा, सेंट्रलपर्यंत जायची गरज नाही. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, नाताळासाठी त्याच सकाळी बसा. मुक्काम पलासियाच्या बाजूला करा, छप्पन दुकान पायी जवळ पडतं. राजवाड्याजवळच्या लॉजमध्ये स्वस्ताईसाठी एकदा राहिले होते, रात्री दोनपर्यंत खालून भांड्यांचा आवाज आणि पहाटे पाचला दुधवाला.

प्रश्न : सगळं शाकाहारीच आहे का हो? आम्ही मासे खाणारी माणसं. — एक वाचक, फोंडा

उत्तर : छप्पन दुकानात जॉनी हॉट डॉगकडे मटण हॉट डॉग आणि अंड्याचा बेंजो, म्हणजे पावातलं आमलेट, मिळतो. नाव हॉट डॉग असलं तरी लांबुडकी सॉसेज शोधू नका, गोल पावात तव्यावरची टिक्की असते आणि झक्क असते. मासळीचं म्हणाल तर समुद्र तिथून फार लांब आहे. सुक्या सुंगटांची किसमूर डब्यात घेऊन जा, खोलीवर खा. सराफ्यात मात्र तो डबा उघडू नका.