नवरा म्हणतो पहाटे एकटाच पळून येतो, आणि पार्कात ग्रिझली अस्वलं आहेत

"ताई, ऑगस्टच्या शेवटी आम्ही मोंटानाला ग्लेशियर नॅशनल पार्कला चाललोय. मुलं 6 आणि 10 वर्षांची, शिवाय सध्या सासूबाई पण आल्यात. नवऱ्याला दोन वर्षांपासून ट्रेल रनिंगचं, म्हणजे जंगलातल्या पायवाटांवर पळायचं, वेड लागलंय. म्हणतो, तुम्ही सगळे उठायच्या आत मी पंधरा किलोमीटर पळून परत येतो. अस्वलांचं काय विचारलं तर म्हणतो, लाखो लोक जातात, कुठे काय होतं. मी उगाच घाबरतेय का?"

उगाच नाही हो. पण तुमचे यजमानही अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. लाखो लोक जातात हे खरंय, आणि त्यातल्या बहुतेकांना अस्वल दिसलंच तर लांब कुठेतरी उतारावर दिसतं. फक्त ते लाखो लोक दिवसाढवळ्या चालतात, गप्पा मारत, पोरांच्या नावाने ओरडत. पहाटे एकट्याने, तोंडातून चकार शब्द न काढता, वेगात पळत जाणारा माणूस हा वेगळा प्रकार झाला.

अस्वलाला माणसाशी काही घेणंदेणं नसतं, आवाज आला की ते बहुतेक वेळा आपणच बाजूला होतं. पण त्यासाठी त्याला वेळ मिळाला पाहिजे ना. पळणारा माणूस वळणावरून एकदम समोर येतो, शेजारी ओढा खळखळत असला किंवा वारा समोरून येत असला तर ना आवाज पोचतो ना वास, आणि अस्वल दचकतं. त्यात पिल्लं बरोबर असली किंवा मेलेलं जनावर राखत बसलेलं असलं की मग विचारूच नका. 2016 च्या जूनमध्ये याच पार्कला लागून असलेल्या जंगलात एक माउंटन बायकर वळणावर थेट ग्रिझलीवर आदळला आणि जिवाला मुकला. माहितगार होता, रोजचा रस्ता होता, पण ब्रेक लावायलासुद्धा वेळ मिळाला नसावा. म्हणून ग्लेशियर पार्कवाले स्वतःच सांगतात की इथे ट्रेल रनिंग शक्यतो करूच नका, एकटं फिरू नका, आणि पहाटे, संध्याकाळी, रात्री ट्रेलवर जाणं टाळा. म्हणजे तुमच्या यजमानांच्या प्लॅनमध्ये नको म्हटलेल्या तिन्ही गोष्टी एकाच वेळी आहेत. बंदी नाहीये, पण हे त्यांना वाचून दाखवा.

आणि ऑगस्टचा शेवट म्हणजे हकलबेरी या जंगली फळाचे दिवस. थंडीत झोपायच्या आधी अस्वलं दिवसाला 20,000 कॅलरीपर्यंत खातात असं म्हणतात, डोकं झुडपात खुपसून तासन्‌तास खात असतात, लक्षच नसतं त्यांचं. ट्रेलच्या कडेला बेरीची झुडपं दाट असली की तिथे पळायचं नाही, चालायचं, आणि मोठ्याने बोलत चालायचं.

मग पळायचंच नाही का? मला विचाराल तर त्या चार दिवसांत चालावं, पळायला वर्षभर घराजवळ जागा आहेच. पण पळणाऱ्या माणसाला असं सांगून उपयोग नसतो हे मला घरच्या अनुभवावरून माहितीये, तेव्हा जायचंच असेल तर निदान असं जा. ऊन वर आल्यावर, किमान तिघं मिळून, एकमेकांना धरून, म्हणजे एक पुढे अर्धा किलोमीटर आणि दोघं मागे असं नाही. लांबचं दिसतं असा मोकळा ट्रेल निवडायचा, वळण आलं किंवा झाडी दाट झाली की पाय आवरायचे आणि हाका मारायच्या. कानात इअरफोन अजिबात नाही, एका कानातही नाही. त्या छोट्या घंटा मिळतात ना बॅगेला लावायच्या, त्यांच्यावर विसंबू नका, आवाज फार लांब जात नाही, माणसाचा आवाजच बरा. आपल्या लोकांना रिकाम्या जंगलात ओरडायची लाज वाटते, मलाही पहिल्यांदा वाटली होती, मग मी मोठ्याने पाढे म्हणायला लागले, सतरा साती येईपर्यंत लाज गेली. अस्वलाला भाषा कुठली चालते याने फरक पडत नाही.

बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलाला रोखायचा फवारा, प्रत्येकाकडे स्वतःचा, आणि छातीवर किंवा कमरेला, हात टाकला की हातात येईल असा. बॅगेत आत ठेवलेला स्प्रे म्हणजे नसल्यासारखाच. सराव करायला औषध नसलेले डबे मिळतात, मी पहिल्यांदा केला तेव्हा सेफ्टी क्लिपच निघेना, अंगठा नुसता घसरत होता, आणि समोर तर फक्त झाड होतं. अस्वल अंगावर धावून येत असेल तर साधारण 9 मीटरवर आलं की त्याच्या पुढ्यात, थोडं खाली धरून ढग उभा करायचा. डबा काही सेकंदांत संपतो. आणि सासूबाईंना व्यवस्थित समजावून सांगा की हा डासांच्या स्प्रेसारखा अंगाला किंवा कपड्यांना मारायचा नाही, हसू नका, लोक खरंच मारतात, आत मिरचीचा अर्क असतो. उन्हात तापलेल्या गाडीत डबा सोडू नका, फुटतो.

अस्वल दिसलंच तर पळायचं नाही, हीच गोष्ट पळणाऱ्याला सगळ्यात अवघड जाते कारण पाय आधीच चालू असतात. ते ताशी 55 किलोमीटरने धावतं, चढावर पण. थांबायचं, शांत आवाजात बोलायचं, हळूहळू मागे सरकायचं, पाठ दाखवायची नाही. पार्कचा नियम किमान 100 यार्डांचा आहे, म्हणजे जवळजवळ 91 मीटर, फोटोसाठी सुद्धा त्याच्या आत जायचं नाही. दचकलेल्या ग्रिझलीने खाली पाडलंच तर पालथं पडून राहायचं, बोटं मानेमागे गुंफून, पाय फाकवून, पाठीवरची बॅग तशीच ठेवून, ते निघून जाईपर्यंत हलायचं नाही. पण काळं अस्वल, ही तिथली दुसरी जात, अंगावर आलं, किंवा कुठलंही अस्वल तुमच्या मागावर राहून हल्ला करायला लागलं, तर पडून राहायचं नाही, जे हाताला लागेल त्याने तोंडावर मारायचं. रंगावर जाऊ नका, काळं अस्वल तपकिरीही असतं, ग्रिझलीच्या खांद्यावर उंचवटा असतो तो बघा.

खाण्याचं थोडक्यात सांगते. पार्क 1910 ला झालं, आणि 1967 पर्यंत तिथे अस्वलाने कुणाचा जीव घेतला नव्हता. त्या वर्षी ऑगस्टमध्ये एकाच रात्री दोन वेगळ्या ठिकाणी दोन तरुण मुली गेल्या. त्यातल्या एका ठिकाणी, ग्रॅनाइट पार्क शॅले नावाच्या डोंगरातल्या मुक्कामाच्या जागी, रोज रात्री उरलंसुरलं बाहेर टाकायचे आणि पाहुणे अस्वलं बघायला जमायचे. तेव्हा पळताना खायच्या एनर्जी जेलचं रिकामं पाकीटसुद्धा खिशात घालून परत आणायचं, आणि मुलांचा खाऊ बाकावर ठेवून फोटो काढायला जायचं नाही.

आता तुमचं काम. कुठला ट्रेल, कुठून वळणार, किती वाजता परत, हे कागदावर लिहून घ्या, तोंडी नको. आणि किती वाजेपर्यंत आले नाहीत तर तुम्ही रेंजरला, म्हणजे पार्कच्या रक्षकांना, कळवणार ती वेळ आधीच दोघांनी मिळून ठरवा, म्हणजे ऐनवेळी "अजून दहा मिनिटं बघू" असं करत बसावं लागणार नाही. पार्कच्या बऱ्याच भागात फोनला रेंज नसते, सॅटेलाइटवरून मेसेज जाणारं छोटं यंत्र मिळतं ते घ्या, आयफोन 14 किंवा त्यापुढचा असेल तर त्यात सॅटेलाइट एसओएस आहे, पण त्याला वर मोकळं आकाश लागतं, हे घरी बसून एकदा शिकून घ्या. सकाळी निघताना रेंजर स्टेशनवर कुठला ट्रेल अस्वलामुळे बंद आहे का विचारा, बंद म्हणजे बंद.

तुम्ही सगळे मिळून चालाल तेव्हा मुलं मोठ्यांच्या मध्ये, 10 वर्षांचा कितीही हट्ट करू दे, पुढे पळत जायचं नाही. बाबा पुढे पळत गेले तर तो थांबणार नाही हेही यजमानांना सांगून बघा, माझ्या घरी बाकी कशापेक्षा याच बोलण्याचा उपयोग झाला. आणि स्प्रे विमानात नेता येत नाही, हातातल्या बॅगेतही नाही आणि चेक-इनमध्येही नाही, तिथे पोचल्यावर विकत किंवा भाड्याने घ्या आणि निघताना तिथेच कुणाला तरी द्या.