उपग्रह पृथ्वीची उष्णता मोजतात म्हणजे नेमकं काय करतात?

तुम्ही विचारलंय, वर थर्मामीटर लावलेला असतो का, आणि ‘पृथ्वीत उष्णता साठतेय’ हा आकडा कितपत खरा. मी देवगडकडचा, भौतिकशास्त्र शिकवतो. जमेल तसं सांगतो.

थर्मामीटरचा अंदाज अगदीच चुकलेला नाही. १९५९ साली एक्सप्लोरर ७ या उपग्रहावर अमेरिकी शास्त्रज्ञ व्हर्नर सुओमी यांनी पाठवलेल्या उपकरणात काळे आणि पांढरे रंगवलेले छोटे अर्धगोल होते. काळा ऊनही शोषतो आणि पृथ्वीची अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांची) उष्णताही. पांढरा ऊन परतवून लावतो. दोघांच्या तापमानातल्या फरकावरून हिशेब. मे महिन्यात भर दुपारी काळ्या कातळाला आणि चुना काढलेल्या तुळशीवृंदावनाला हात लावून बघा, तत्त्व तेच. टेरा, अ‍ॅक्वा या उपग्रहांवरचं सेरेस हे उपकरण परावर्तित ऊन वेगळं मोजतं आणि सगळं मिळून वेगळं. वजाबाकी केली की पृथ्वीने स्वतः सोडलेली उष्णता उरते. रात्री तीही भानगड नाही.

खरी गोम कोनात आहे. जेटीवरून सरळ खाली बघितलं तर पाणी काळपट दिसतं. संध्याकाळी पश्चिमेला बघा, डोळे दिपतात. समुद्र तोच! उपग्रहाला एका वेळी एकाच दिशेचा प्रकाश दिसतो. म्हणून समुद्र, जमीन, ढग यांवरून कुठल्या दिशेला किती प्रकाश जातो याची कोष्टकं आधी हजारो निरीक्षणांतून बनवावी लागतात. शिवाय हे उपग्रह ठरावीक वेळीच डोक्यावरून जातात, आणि आमच्याकडे जुलैत तासाभरात आभाळ पालटतं. ती पोकळी भूस्थिर, म्हणजे आकाशात एकाच जागी दिसणारे उपग्रह भरतात. भारत-फ्रान्सचा मेघा-ट्रॉपिक्स (२०११) तर विषुववृत्ताशी फक्त २० अंश कललेल्या कक्षेत होता, त्यामुळे किनाऱ्यावरून दिवसातून अनेकदा जायचा.

आता आकडा. दर चौरस मीटरला सरासरी ३४० वॅट ऊन येतं, सुमारे १०० परतून जातं, सुमारे २४० उष्णता म्हणून बाहेर पडतं. शिल्लक जेमतेम १ वॅटच्या आसपास. उपकरणांची चूकच काही वॅटची, मग ही शिल्लक त्यांच्याकडून कशी कळणार? नाहीच कळत. वर्षागणिक होणारा चढउतार मात्र ती उत्तम टिपतात. शिल्लक ठरते समुद्रावरून: जास्तीची सुमारे ९० टक्के उष्णता पाण्यात जाते, आणि अर्गो नावाची तरंगती स्वयंचलित यंत्रं २००० मीटर खोल जाऊन पाण्याचं तापमान घेत वर येतात. अरबी समुद्रातही ती आहेत. उपग्रहांचा ताळेबंद त्या मोजणीला जुळवून घेतला जातो.